लाल अंबाडी: पेरा जूनमध्ये, बोंडे दिवाळीच्या पुढेमागे

सरबत-चटणीची मांसल लाल बोंडे प्रत्येक अंबाडीला धरत नाहीत. वाखाच्या, म्हणजे दोराच्या धाग्यासाठी लावतात त्या, अंबाडीची बोंडे बारीक, कोरडी असतात. त्यामुळे बी लाल बोंडांच्या झाडाचेच आहे ना, हे आधी विचारून घ्या.

बी रात्रभर भिजवून जूनमध्ये 1 सेंटिमीटर खोल, एका जागी तीन असे टोका. आठवडाभरात उगवते. रोपे वीतभर झाली की जोमदार तेवढे एक ठेवा. बाकीच्यांचा पाला भाजीला होतो. दोन झाडांत 3 फूट अंतर हवेच. कुंडी 15 इंचांहून लहान नको.

जूनचा आग्रह दिवसाच्या लांबीमुळे. दिवस लहान होऊ लागल्यावरच अंबाडी कळ्या धरते, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास. जूनचे झाड तोवर पुरुषभर वाढून फांद्यांनी भरलेले असते. सप्टेंबरात पेरलेले मात्र गुडघाभर असतानाच फुलते आणि मूठभर बोंडांवर आटोपते. रस्त्यावरचा किंवा गॅलरीतला दिवा रात्रभर झाडावर पडत असेल तर नुसता पालाच वाढतो. तिथे खताचा उपयोग नाही, कुंडी अंधारात हलवा.

झाड फूटभर झाले की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. ऑगस्टनंतर खुडू नका, कळ्यांच्या जागा जातात. लागवडीला दोन ओंजळी कुजलेले शेणखत पुरे. युरियाने पाला माजतो आणि बोंडे कमी लागतात. पावसात बुंध्याशी पाणी साचले तर खोड तळाशी कुजून उभे झाड माना टाकते, म्हणून रोप उंचवट्यावरच लावा. शेंडे आखडून पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तेवढे शेंडे कापून नष्ट करा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. मुंग्याही हटवा, त्याच ही कीड पसरवतात.

फूल एकाच दिवसाचे. ते गळल्यावर आठ-दहा दिवसांनी बोंड फुगून गर्द लाल होते आणि हाताने कटकन तुटते. तीच तोडणीची वेळ. कात्री लागू लागली की ते निबर झाले. देठाशी सुरीने गोल काप देऊन आतली हिरवी बोंडी बोटाने ढकलून काढा. बोंडाची मांसल लाल दले सुती कापडावर सावलीत कुरकुरीत वाळवा. वजन साधारण दहावा हिस्सा उरते. शिजवताना ॲल्युमिनियम, तांबे, लोखंड टाळा; आंबटपणाने भांड्याचा धातू उतरतो.

बियांसाठी एक फांदी राखा. बोंडी तपकिरी होऊन उकलू लागली की काढा, पण हातमोजे घालून, कारण तिची लव हाताला टोचते.