तगडा गोऱ्हा अचानक दगावला, तर आधी सुरीला हात लावू नका

संध्याकाळी नीट रवंथ करणारा दीड वर्षाचा गोऱ्हा सकाळी गोठ्यात मरून पडलेला दिसतो. मग कुणी म्हणतं पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी म्हणतं नजर लागली. साप चावणं किंवा वीज पडणं ही कारणं पावसाळ्यात असतातच, पण तरण्या, अंगानं भरलेल्या जनावराच्या बाबतीत पहिला संशय फऱ्या या रोगाचा घ्यावा.

फऱ्या साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या जनावरांना गाठतो, आणि त्यातही खाऊन-पिऊन धष्टपुष्ट असलेल्यांना. म्हणूनच घरातला सगळ्यात देखणा गोऱ्हा जातो आणि जीव हळहळतो. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पावसाळ्यात चाऱ्याबरोबर पोटात जातात. जनावर एका पायानं लंगडतं, ताप चढतो, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते. ती सूज बोटांनी दाबून पाहा. कातडीखाली हवा भरल्यासारखी चरचर लागली, तर घरगुती शेक आणि लेप यात वेळ घालवू नका. सुरुवातीलाच डॉक्टरांनी पेनिसिलिन दिलं तर जनावर वाचू शकतं. नाहीतर एक-दोन दिवसांत खेळ संपतो, आणि रात्रीचं लंगडणं कुणाच्या लक्षातच येत नाही.

मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, पोट झपाट्यानं फुगलं असेल आणि अंग ताठरलं नसेल, तर फाशी रोग (अँथ्रॅक्स) समजूनच वागा. कातडं काढू नका, चिरू नका, ओढत नेऊ नका. शव उघडलं की जंतू हवेत येऊन बीजाणू, म्हणजे टिकाऊ कवचाचं रूप, धरतात आणि ती जमीन कित्येक वर्षं धोक्याची होते. हा रोग माणसालाही होतो. कानातल्या रक्ताचा नमुना डॉक्टर घेतील, तुम्ही फक्त कुत्री आणि मुलं लांब ठेवा. नंतर विहीर-ओढ्यापासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. शवाखालचा चारा-शेणही त्याच खड्ड्यात.

एक कारण रोगाचं नाही, पण तितक्याच वेगानं जीव घेतं: कोवळी ज्वारी. पावसानं ताण दिलेली खुरटी ज्वारी, किंवा कापणीनंतर आलेले हिरवे फुटवे यांत सायनाइडचं विष जास्त असतं. भुकेलं जनावर त्यात शिरलं की काही मिनिटांत धापा टाकून कोसळतं. डोळ्यांची आणि हिरड्यांची त्वचा लालभडक दिसते. यावर शिरेतून द्यायची औषधं आहेत, पण डॉक्टर लगेच पोचले तरच उपयोग. फुलोऱ्याआधीची ज्वारी हिरवी चारू नका. कापून नीट वाळवल्यावर विष बरंच कमी होतं.

एक जनावर गेलं की बाकीच्यांकडे बघा. ते चरण्याचं रान बदला, सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला तर लगेच दवाखान्यात कळवा किंवा जनावरांसाठीच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन लावा. फऱ्या आणि घटसर्प (जनावरांचा गळा सुजवणारा रोग) यांची लस दरवर्षी मे-जूनमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी टोचून घ्या, कारण लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. खच्चीकरण ऐन पावसात, चिखलात करू नका. जखमेतून धनुर्वात होतो.

विमा असेल तर कानातला बिल्ला काढू नका, फोटो काढा आणि पुरण्याआधी विमा कंपनीला कळवा. वीज पडून मेलं असेल तर तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.