गुडघा कुरकुरतोय, तरी चालणं सुटू नये म्हणून

नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचा चढ मला सोसतो, उतार सोसत नाही. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. म्हणून दुखऱ्या दिवसांत मी फुटाळा तलावाकाठी सपाटीवर चालते, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत.

पण पूर्ण बसून राहू नका. मांडीचे स्नायू सैल पडले की भार सांध्यावर येतो. पाठीवर झोपा, एक पाय दुमडा. दुसऱ्या सरळ पायाची मांडी घट्ट आवळा, टाच वीतभर उचला, 5 सेकंद धरा. खाली आणताना अगदी हळू. असं 10 वेळा.

सायकल चालवत असाल, तर सीट उंच हवी, पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकावा.

दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर व्यायाम निम्मा करा. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकू लागला, तर बाप्पा, हाडांच्या डॉक्टरकडे जाच.