मॅक्सीनचा अमोनिया सेन्सर बनवताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रोजेक्टवाली पोरं त्याच चुका नव्या जोमानं करतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली चूक कूलरची. मॅक्सीन म्हणजे टायटॅनियम कार्बाइडचे जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचे पापुद्रे. हवेतली वाफ त्यांच्यामध्ये शिरते, थर फाकतात, विजेला होणारा रोध चढतो. अमोनियानंही रोध चढतोच, त्यावरूनच सेन्सर तो ओळखतो. एमएस्सीची एक मुलगी आलेख घेऊन धावत आली, "सर, अमोनिया पकडला नं!" बाहेर ४५ डिग्री, खिडकीत कूलर, आणि सेन्सर थेट त्याच्या झोतात. मल्टीमीटर बॅटरीवर होता, म्हणून चोरी सापडली: लाइन गेली, कूलर थांबला, हवा कोरडी झाली की रोध खाली; लाइन आली की वर. मग तिला अमोनियाच्या द्रावणाऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवायला लावलं. आलेख जवळपास तोच! लिकर अमोनियात, म्हणजे त्या द्रावणातही, निम्म्याहून जास्त पाणीच असतं बाप्पा.

आता पाण्याचा आलेख दाखवल्याशिवाय मी कुणाचा अमोनियाचा आलेख हातात घेत नाही. बंद डबा, आत ओलावा मोजायला हायग्रोमीटर. डब्यात सिलिका जेल टाकून मोकळे होऊ नका, ते अमोनियाही ओढून घेतं. नवसागर आणि चुन्यापासून वायू काढा, कळीच्या चुन्यावरून कोरडा करा. अकरावीचंच रसायन आहे, पण पेपरात मार्क मिळाले की पोरं ते विसरतात.

दुसरी चूक मॅक्सीन बनवतानाची. ते ज्या पावडरीपासून काढतात तिच्यातलं ॲल्युमिनियम एचएफनं, म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं, विरघळवतात. पोरं म्हणतात, "आम्ही एचएफ वापरतच नाही, लिथियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतो." अरे, त्या भांड्यात एचएफच तयार होतो! कातडीवर पडला तर कधीकधी लगेच दुखतही नाही, पण आत शिरत राहतो. काचेचं भांडं नको, प्लास्टिकचं घ्या. टेबलावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफ कातडीवर पडला तर लावायचं) नसेल तर मी रसायनांच्या कपाटाची किल्ली देत नाही. घाई असेल त्यानं तयार मॅक्सीन विकत घ्यावं.

पाण्यातलं मॅक्सीन महिनोन्‌महिने ठेवू नका. त्याचं टायटॅनियम डायऑक्साइड होतं, काळं द्रावण पांढुरकं पडतं. लोडशेडिंगच्या फ्रिजवर तर भरवसा नकोच.

सेन्सरवर मॅक्सीनचा थर जाड दिला म्हणून सिग्नल वाढत नाही, सेन्सर मठ्ठ होतो.

मॅक्सीनचे पापुद्रे ध्वनिलहरींनी सुटे करणाऱ्या सोनिकेटरचं पाणी तापू देऊ नका. पानठेल्यावरून बर्फ आणा आणि बर्फ संपला की मशीन बंद. "दहाच मिनिटं राहिली सर" माझ्याकडे चालत नाही.