गोचिडी नि पिसवा जात नाहीत? कुत्र्याचं झालं असेल तर आता पडवी बघा

मे महिन्यात बंद केलेलं घर गणपतीच्या चार दिवस आधी उघडलं, पडवीत बॅगा टेकवल्या आणि मिनिटभरात पोटऱ्यांवर काळे ठिपके उड्या मारायला लागले. घरात जनावर नाही, आमचा कुत्रा टिप्या तर अजून गाडीत कुई कुई करत बसलेला, मग ह्या आल्या कुठून? नंतर कळलं की पावसात कोणाचीतरी मांजर बाकड्याखाली व्याली होती, पिल्लं घेऊन गेली निघून, आणि तिच्या पिसवांचे कोष मात्र आमच्या जमिनीत राहिले. पिसू कोषात असली की कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा तशीच पडून राहते आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला वायू कळला की फटकन बाहेर येते. म्हणजे आम्ही कडी काढली तीच त्यांची घंटा.

हे आधी सांगते कारण बहुतेक जण (मी पण) सगळा राग कुत्र्यावर काढतो. शाम्पू, पावडर, पट्टा, परत शाम्पू. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्यातल्या थोड्याच असतात, बाकी अंडी, अळ्या, कोष सगळं तो झोपतो तिथे. एक मादी भरात असताना दिवसाला ४०-५० अंडी घालते, ती केसांना चिकटत नाहीत, मिठासारखी खाली सांडतात. अळ्या जगतात मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या रक्ताच्या विष्ठेवर आणि त्यांना लागतो दमटपणा. हवेत ५० टक्क्यांच्या खाली ओलावा गेला तर मरतात, पण आपल्याकडे जुलैत पापड मऊ पडतात तिथे अळी कशाला मरतेय.

पिसवाच आहेत का हे बघायचं असेल तर कुत्र्याला पांढऱ्या कपड्यावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने शेपटीच्या बुडाशी विंचरा. काळी कणी पडली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका, विटकरी लाल डाग पसरला की ती माती नाही, पिसवांची घाण. फणीत जिवंत सापडल्या तर साबणाच्या पाण्यात बुडवा, नखावर चिरडत बसू नका.

आता औषध. पावसात मानेवर टाकायच्या थेंबांवर माझा फार भरवसा नाही. थेंब टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको असं सांगतात आणि आमचा टिप्या तर दिवसातून चार वेळा व्हाळात (ओढ्यात). म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. अफॉक्सोलानर किंवा सारोलानरची गोळी साधारण महिन्याला एक, फ्लुरालानरची बरीच जास्त दिवस, पिसवांवर १२ आठवडे. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे शेजारच्या मोठ्या कुत्र्याची अर्धी गोळी मोडून आणू नका, आणि आपल्या कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अगदी लहान पिल्लांना गोळी चालत नाही, त्यांना फणी नि साबणाचं पाणी, आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना, पिसवा लहान जिवाचं रक्त अक्षरशः संपवतात.

मांजर असेल तर हे दोनदा वाचा. कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं ते मांजराला विष आहे, थरथरते, झटके येतात, मरते सुद्धा. आमच्या आळीत एकाने कुत्र्याचे उरलेले थेंब 'थोडेच तर आहेत' म्हणत मनीला लावले आणि रात्री दोन वाजता तिला पिशवीत घालून गाडी काढावी लागली. वाचली, पण नशिबानं. गुरांच्या गोचिडीचं औषध, रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या यातलं काहीही कुत्र्यामांजराला फासायचं नाही. काकू म्हणाल्या, "चुलीतली राख फास मगे, सगळा जाता." राखेने कातडी कोरडी पडली, पिसवा होत्या तिथेच. करंजाच्या तेलाचंही तेच, वर जनावर ते चाटत बसतं ते वेगळं.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी दिल्यावर दहा दिवसांनी परत उडी मारणारी पिसू दिसली आणि मी औषध फुकट गेलं म्हणून दुसरं आणलं, मग तिसरं. डॉक्टर ओरडले. फवारा कोषाच्या आत पोचत नाही, त्यामुळे जमिनीतले कोष फुटत राहतात, नवीन पिसू उडी मारून कुत्र्यावर जाते, चावते आणि मरते, आणि हे असं दोन-तीन महिने चालतं. तेवढे दिवस घरातल्या सगळ्या जनावरांचा डोस एकही न चुकवता द्यायचा, औषधं बदलत बसायचं नाही.

गोचीड वेगळी. पिसू खाली जमिनीत वाढते, गोचीड भिंतीवर चढते. पिल्लू असताना, मधल्या वयात आणि मोठेपणी असं तीनदा कुत्र्याचं रक्त पिते आणि दर वेळी उतरून फटीत जाते, मोठी झालेली मादी शेवटचं पिऊन टम्म फुगते, एरंडाच्या बीएवढी (एरंडाच्या शास्त्रीय नावातला रिसिनस म्हणजे लॅटिनमध्ये गोचीडच, कोणाला तरी आपल्यासारखंच दिसलं असणार) आणि मग हजारोंनी अंडी घालते. आमच्या चिऱ्याच्या भिंतीला गिलावा नाही, सांधे उघडे. रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर दाराच्या चौकटीमागे, देवाच्या फोटोच्या मागे, वाशाच्या खाचेत मोहरीसारखे दाणे, आणि दाणे चालतायत! मोठी गोचीड न खाता महिनोन् महिने जगते, त्यामुळे कुत्र्याला मामाकडे पाठवून उपाशी मारू म्हणाल तर आठवडाभरात काही होत नाही.

आम्ही काय केलं तर सांध्यांत सिमेंट भरून घेतलं, चौकटीच्या फटी बुजवल्या, भिंतीला टेकलेलं सरपण आणि पेंढा अंगणाच्या टोकाला नेला, गोणपाट जाळून टाकलं. कुत्र्याची चादर दर आठवड्याला कढत पाण्यात आणि मग कातळावर कडक उन्हात. जमीन रोज झाडली, केर बाहेर नेऊन जाळला, फरशीवर व्हॅक्युम असेल तर उत्तमच, त्याच्या थरथरीने कोष फुटतात आणि पिसवा निदान औषधाच्या तावडीत येतात. फवारणी एकदाच केली, अंडी-अळ्या वाढू न देणारं औषध मिसळून, माणसं-जनावरं सगळी बाहेर काढून, वाळेपर्यंत कोणी आत नाही. विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, ही औषधं माशांना आणि मधमाश्यांना जहाल असतात.

अंगावरची गोचीड काढताना चिमटा कातडीला टेकवून, तोंडाजवळ धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही. काडीने चटका, तेल, रॉकेल नको. काढली की स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्यात. बोटांच्या मधे, कानाच्या आत, बगलेत आणि पट्ट्याखाली हमखास असतात. गोचीड लागून गेल्यावर कुत्रं खाईना, ताप, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा लघवी काळपट तांबडी दिसली तर रक्त तपासायला न्या, गोचीडतापात चार दिवस वाट बघणं परवडत नाही. २०१६ साली आपल्याच सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाची साथ आली ती जंगलातल्या गोचिडीमुळे, घरातल्या कुत्र्याची गोचीड ती नव्हे, पण काजूत नि रानात फिरून आलात की स्वतःचं अंग आणि कुत्र्याचं अंग दोन्ही तपासा. आणि कुत्र्याच्या शेपटीखाली काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसले तर पिसू गिळून झालेला जंत आहे, त्याची गोळी वेगळी मागा.

पिसवा संपल्या का ते कळायला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून पडवीत, बाकड्याखाली, तुळशीजवळ दहा मिनिटं फिरायचं. पहिल्या रविवारी मी २३ मोजल्या, पाचव्या रविवारी ४. आता दिवाळी उलटून गेली तरी मी मोजे घालते आणि काकू हसतात, परवा एक सापडली आणि मी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर पुढच्या गोळीच्या तारखेला परत लाल गोल काढला.