महापूर ओसरल्यावर मनाच्या आरोग्याबाबत या चुका टाळा

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर अनुभवला आणि त्या नुकसानीतून सावरण्याआधीच, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा अनुभवला. पाणी ओसरले की गाळ काढणे, पंचनामे, जनावरांचा चारा ही कामे वेगाने सुरू होतात. मनाच्या उपचारांचा विषय मात्र ‘नंतर पाहू’ म्हणून मागे पडतो, किंवा इतक्या घाईने हाताळला जातो की त्यातून अपायच होतो. मदतीला जाणारे स्वयंसेवक, गावातील कार्यकर्ते आणि नातेवाईक यांच्यासाठी हे लिहीत आहे.

चालू असलेली औषधे तुटू देणे

ही सर्वांत घातक आणि सर्वांत सहज टाळता येण्यासारखी चूक आहे. निवारा केंद्रात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी होते; मनोविकाराच्या किंवा फिट्सच्या गोळ्यांची होत नाही, आणि चारचौघांत कोणी आपणहून सांगतही नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी प्रत्येक कुटुंबाला बाजूला घेऊन हा प्रश्न विचारावा. फिट्सच्या गोळ्या अचानक थांबल्या तर झटके येऊ शकतात. लिथियम हे मनोविकारावरील औषध घेणाऱ्या रुग्णाला जुलाब-उलट्या झाल्या, तर शरीरातील पाणी कमी होऊन औषधाचे प्रमाण विषारी पातळीपर्यंत वाढू शकते. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू छावणीत एकाएकी बंद झाली, की दोन-तीन दिवसांत त्याला कंप, घाम, भास आणि झटके येऊ शकतात. लोक त्याला वेड लागले असे समजतात. प्रत्यक्षात ती जिवावर बेतणारी अवस्था असते आणि अशा वेळी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

फाइल वाहून गेली असेल तर नेहमीच्या औषध दुकानातील बिले, रुग्णालयातील नोंद किंवा डॉक्टरांना केलेला एक फोन यांवरून औषध आणि त्याची मात्रा बहुधा कळते. ती कळल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाशी संपर्क साधावा. नदीकाठच्या कुटुंबांनी जून उजाडण्याआधीच औषधांच्या चिठ्ठीचा फोटो परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावा.

बोलायला भाग पाडणे

‘मन मोकळं करा’ असा आग्रह धरून, काय काय पाहिले ते एकाच बैठकीत वदवून घेण्याची पद्धत अजूनही दिसते. अशा एकवेळच्या बैठकींमुळे पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना त्या करू नका असे सांगते. तिच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतील प्राथमिक मानसिक आधाराची रीत साधी आहे: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. ज्या बाईचा जीव पंचनाम्यात नाव न आल्याने टांगणीला लागला आहे, तिच्यासोबत तलाठ्याकडे जाणे हाही मानसिक आधारच आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचा आहे. ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ हे वाक्य मात्र कोणालाही ऐकवू नये.

सरसकट झोपेच्या गोळ्या

पहिल्या काही आठवड्यांत झोप न लागणे, दचकणे, भूक मंदावणे हे बहुतेकांना होते आणि सुरक्षितता, अन्न व आपली माणसे मिळाली की बहुतेकांचे ते हळूहळू कमीही होते. पहिल्या महिन्यात एवढ्या त्रासासाठी डायझेपामसारख्या गोळ्या देऊ नयेत. त्यांची सवय लागते. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागली तर रागावू नये, शाळा लवकर सुरू करावी.

एका शिबिरावर समाधान मानणे

पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरांची रीघ लागते. खरी ओढाताण मात्र दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, जेव्हा कुजलेल्या उसाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब समोर येतो. पुढच्या पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे आणि ४३ फुटांच्या धोक्याकडे सरकू लागली, की अनेकांची झोप पुन्हा उडते. तेव्हा पुरुष मनाची तक्रार क्वचितच सांगतात. छातीत धडधडते, डोके दुखते एवढेच म्हणतात, म्हणून झोपेबद्दल आणि दारूबद्दल मुद्दाम विचारावे. शिबिर घेणाऱ्यांनी पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच गाव सोडावे आणि पाठपुरावा लागणाऱ्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, आशाताईंकडे द्यावी.

मरणाची भाषा ऐकून गप्प राहणे

‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके हलवावीत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. प्रयत्न झालाच असेल, तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरते. रुग्णाला घरी नेताना मनोविकारतज्ज्ञांच्या पुढील भेटीची तारीख लिहून घ्यावी.