जीपच्या डिफरन्शियलमध्ये नवे क्राउन-पिनियन घरी बसवताना

मोठे टायर लावलेली जीप जळगावच्या रस्त्यावर रुबाबदार दिसते; पण तीच गाडी तोरणमाळच्या घाटाला किंवा धडगावकडच्या चढाला लागली की दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागते आणि क्लच तापल्याचा वास येतो. याचे कारण साध्या त्रैराशिकात आहे. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंच झाला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे इंजिनच्या दृष्टीने गिअर ‘लांब’ होतो. इंजिनची गती एक्सलकडे वळवणाऱ्या डिफरन्शियलमधल्या क्राउन (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारे छोटे चक्र) या जोडीचा मूळ रेशो ४.२७ असेल तर ४.२७ गुणिले ३१ भागिले २८, म्हणजे सुमारे ४.७३ इतका रेशो मिळाल्यास गाडीची पूर्वीची ओढ परत येते, आणि बाजारात त्याच्या जवळचा सेट ४.८८ चा मिळतो. हा आकडा दातांच्या भागाकारातून येतो: क्राउनचे ३९ दात भागिले पिनियनचे ८ दात. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये ४३ आणि ८ दातांचा ५.३८ चा सेट असे, आणि त्या गाड्या वेगात मागे पण चढावर पुढे का असत, हे त्यातून कळते.

फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलचा रेशो एकच असावा लागतो, त्यामुळे हा खर्च दुप्पट धरावा. केवळ मागचा सेट बदलून पुढचा ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याने तोपर्यंत फोर-व्हीलचा दांडा अजिबात ओढू नये, कारण कोरड्या रस्त्यावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडून ट्रान्सफर केसचे (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वाटणाऱ्या पेटीचे) वाटोळे करतात. टायरचा आकार आणि अन्य बदल नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ आडवे येते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

सेट विकत घेताना दोन खुणा पाहाव्यात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो; तो क्रमांक जुळत नसेल तर माल कितीही चकचकीत असला तरी परत करावा. दुसरी खूण पिनियनच्या डोक्यावर असते: शून्य, अधिक दोन, उणे तीन अशी. तिचा उपयोग पुढे येईल. याशिवाय डाना कंपनीच्या ४४ जातीच्या एक्सलमध्ये ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंसाठी डिफरन्शियलची केस (क्राउन ज्यावर बोल्टने बसतो तो गाभा) वेगळी असते, तर ३.९२ आणि त्यावरच्या रेशोंसाठी वेगळी. आपली केस पहिल्या प्रकारची असेल तर ४.८८ चा नेहमीचा क्राउन तिच्यावर बसवून पिनियनपर्यंत पोहोचतच नाही. ही चौकशी दुकानातच करावी. गाडी उघडल्यावर करून उपयोग नसतो.

अवजारांत पाने, पुलर आणि टॉर्क रेंच लागतात हे उघड आहे, पण खरे काम मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज आणि मायक्रोमीटर यांचे असते. हे काम ताकदीचे नसून मोजमापाचे आहे. आपले टर्नर ज्याला ‘थाऊ’ म्हणतात, त्या इंचाच्या हजाराव्या भागावर, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरवर, सगळा निकाल लागतो. बेअरिंग दाबण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस घरी असण्याची गरज नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतील कुठलेही वर्कशॉप थोड्या पैशांत ते काम करून देते. मात्र एक युक्ती आधीच करून ठेवावी. त्याच क्रमांकाची जुनी पण धड बेअरिंगे घेऊन त्यांचे आतले भोक एमरी पेपरने किंचित मोठे करावे, म्हणजे ती हाताने सरकतात. शिम (अंतर नेमके करण्यासाठी घालायच्या पातळ धातूच्या चकत्या) कमी-जास्त करताना हीच ‘चाचणी बेअरिंगे’ वापरावीत आणि नवी बेअरिंगे अगदी शेवटी दाबावीत. असे न केल्यास प्रत्येक वेळी नवे बेअरिंग पुलरने ओढावे लागते, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा पिंजरा वाकलेला असतो.

जागा आणि वेळ यांचाही विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि अंगणात उन्हात पडलेला क्राउन व पत्र्याच्या सावलीतले हाउसिंग (डिफरन्शियलची बाहेरची पेटी) यांच्या तापमानात २० अंशांचा फरक सहज पडतो. १०० मिलिमीटर पोलाद २० अंशांनी तापले तर ते सुमारे ०.०२४ मिलिमीटरने वाढते, म्हणजे जवळजवळ एक थाऊ. म्हणून सर्व भाग रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावेत, आणि शक्य असेल तर हे काम पौष-माघात काढावे. शिवाय काळ्या मातीची वावटळ उठली की उघड्या बेअरिंगमध्ये धूळ गेलीच म्हणून समजा. जमिनीवर ओले गोणपाट अंथरून दार लोटून घेणे हा त्यावर स्वस्त उपाय आहे.

गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नये. चेसिसखाली पक्के स्टँड लावावेत आणि चाकांना ओंडके द्यावेत. तेल काढून, एक्सलचे शाफ्ट केसच्या बाहेर येतील इतके ओढून, प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. केस बाहेर काढण्यापूर्वी जुन्या सेटचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी सरक) मोजून वहीत लिहावा. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंग कॅप हाउसिंगवर बसवूनच घडवलेल्या असतात, त्यामुळे डावी डावीकडे, उजवी उजवीकडे आणि तीही त्याच तोंडाने परत बसली पाहिजे. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा खुणेसाठी खडू वापरला, डिझेलने धुताना तो पुसला गेला आणि कॅप उलट बसल्या. बोल्ट आवळले तेव्हा केस हाताने फिरेना आणि मी अर्धा दिवस दोष शिममध्ये शोधत बसलो. तेव्हापासून मी सेंटर पंचने एका कॅपवर एक आणि दुसरीवर दोन ठिपके, आणि समोर हाउसिंगवरही तितकेच ठिपके ठोकतो. जुन्या शिमच्या गड्ड्याही वेगवेगळ्या पिशव्यांत, कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवाव्यात.

आता पिनियनची खोली. पिनियन क्राउनच्या केंद्ररेषेपासून नेमके किती दूर उभे आहे, यावर दातांची गाठ अवलंबून असते. डाना ४४ मध्ये हे अंतर आतल्या बेअरिंगच्या कपाखालील शिम ठरवतात: शिम वाढवले की पिनियन क्राउनकडे सरकते, कमी केले की मागे जाते. जुन्या पिनियनच्या डोक्यावरची खूण आणि नव्याची खूण यांतील फरक हा पहिला अंदाज देतो. जुन्यावर अधिक २ आणि नव्यावर उणे २ असेल तर जुन्या गड्डीत चार थाऊ, म्हणजे ०.१० मिलिमीटर, वाढवावे. उलट असेल तर तितकेच काढावे. प्रत्येक शिम मायक्रोमीटरने स्वतः मोजावा. डब्याचा पत्रा कापून केलेला शिम काही गॅरेजांत दिसतो, पण तो पत्रा दाबाखाली बसका होतो आणि महिनाभरात केलेले सगळे मोजमाप निकामी ठरते.

खोलीनंतर पिनियन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगला आधीच दिलेला दाब, येतो. फ्लँज (प्रोपेलर शाफ्ट जोडायची चकती) बसवून नट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कने आवळावा. डाना ४४ साठी तो साधारण २७० ते ३०० न्यूटन-मीटर असतो, तेव्हा फ्लँज अडवायला चार-पाच फुटांची लोखंडी पट्टी भोके पाडून बोल्टने बसवावी. नंतर ऑइल सील न लावता आणि केस आत न घालता पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते पाहावे. नव्या बेअरिंगसाठी हा जोर २३ ते ४६ किलो-सेंटीमीटर असावा. महागडा रेंच नसेल तर शाळेत पाहिलेला ताणकाटा चालतो: ४ सेंटीमीटर त्रिज्येच्या फ्लँजवर सुतळी गुंडाळून काटा सावकाश ओढावा, आणि पिनियन एकसारखे फिरत असताना काटा ७ किलो दाखवत असेल तर सात चोक अठ्ठावीस, म्हणजे जोर मर्यादेत आहे. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा धरू नये. जोर कमी असल्यास बाहेरच्या बेअरिंगमागचा शिम कमी करावा, जास्त असल्यास वाढवावा. काही एक्सलमध्ये शिमऐवजी दबणारी नळी असते. तिचा नट एकदा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, नवी नळीच घालावी लागते.

क्राउन केसवर बसवताना हातोडा दूर ठेवावा. क्राउन कढत पाण्यात दहा मिनिटे ठेवून पुसला की तो वाढतो आणि अलगद बसतो. बसण्याच्या जागेवरचा बारीकसा ओरखडाही आधी सपाट तेलदगडाने काढावा, कारण तिथली कूस क्राउनला डोलायला लावते. नवे बोल्ट, थ्रेड लॉकचे दोन थेंब आणि समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळणे, एवढे येथे पुरते.

केस आत ठेवल्यावर दोन्ही बाजूंच्या शिमने बॅकलॅश ठरतो. डायल गेजचे टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या टोकाजवळ, दाताला काटकोनात टेकवावे, एका हाताने पिनियन घट्ट धरावे आणि दुसऱ्या हाताने क्राउन पुढे-मागे हलवावा. दोन दात एकमेकांवर आपटल्याची बारीक ‘टक’ ऐकू येते आणि काटा तेवढाच सरकतो. तो सरक ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर असावा. सेटच्या चिठ्ठीवर वेगळा आकडा असेल तर तो मानावा. क्राउन फिरवून चार ठिकाणी मोजावे, आणि चारही आकड्यांत ०.०५ ते ०.०८ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर क्राउनखाली कचरा राहिला आहे असे समजावे. एका बाजूचा शिम काढून तितकाच दुसऱ्या बाजूला घातला की एकूण जाडी तशीच राहते आणि क्राउन सरकतो, ०.१० मिलिमीटर सरकवल्यास बॅकलॅश साधारण ०.०७ ने बदलतो, हे गणित बरेच फेरे वाचवते. बाजूच्या बेअरिंगना प्रीलोड देण्यासाठी शेवटी शिम वाढवावे लागतात आणि केस आत घट्ट जाते. ती बसवण्यासाठी हाउसिंग फाकवण्याचे साधन वापरल्यास ते अर्ध्या मिलिमीटरपलीकडे कधीही ताणू नये, कारण त्यानंतर हाउसिंग मूळ आकारात परत येत नाही.

आकडे सगळे जुळले तरी खरा निवाडा रंग देतो. तयार पिवळी पेस्ट मिळाली तर उत्तम. आमच्याकडचे जुने फिटर तेलात कालवलेला शेंदूर वापरतात. तो शिशाचा असतो, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि वाटी घरात आणू नये. क्राउनच्या तीन ठिकाणी तीन-चार दात दोन्ही बाजूंनी पातळ रंगवावेत, मग क्राउनवर लाकडी पट्टीचा दाब ठेवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे. जिथे दात दाबला गेला तिथला रंग निघून धातू चमकतो आणि त्याभोवती रंगाची बारीक कड उमटते. फुगीर बाजूवरचा हा ठसा कापसाच्या सरकीसारखा लांबट असावा, मूळ आणि माथा यांच्या मध्यावर असावा आणि त्याची कड कुठेही दाताच्या धारेवरून सांडू नये. ठसा आतल्या टोकाकडे किंचित झुकला तर चालते, कारण गाडीचा भार पडला की तो बाहेर सरकतो.

ठसा दाताच्या मुळात रुतला असेल तर पिनियन फार पुढे आहे. खोलीचा शिम पाच-सहा शतांश मिलिमीटर काढावा. ठसा माथ्यावर चढला असेल तर शिम घालावा. खोली बरोबर असून दोन्ही बाजूंचे ठसे आतल्या टोकाशी साचले असतील तर क्राउन पिनियनपासून थोडा दूर न्यावा, बाहेरच्या टोकाशी असतील तर जवळ आणावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक ठशाचा मोबाइलवर फोटो काढून त्याखाली शिमची जाडी लिहावी. माझा एक सेट सात वेळा उघडझाप करून बसला, आणि सहाव्या वेळी, ठसा ‘जवळजवळ’ ठीक दिसत असताना, थांबण्याचा मोह फार झाला होता. शेजारी बसलेले एक निवृत्त फिटर तेव्हा अहिराणीत एवढेच म्हणाले, ‘आवाज तू आयकशी, मी नही.’ पुढच्या एक्सलमध्ये, पिनियन खालच्या बाजूला असेल तर, गाडी पुढे जाताना जोर खोलगट बाजूवर येतो, म्हणून तिथे त्या बाजूचा ठसाही तितक्याच काटेकोरपणे तपासावा.

ठसा मनासारखा आला की चाचणी बेअरिंगे काढून नवी दाबावीत, सगळी मापे पुन्हा एकदा घ्यावीत, आणि मगच ऑइल सील, नवा पिनियन नट व सिलिकॉन सीलंटसह झाकण बसवावे. हायपॉइड, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून बाजूला असलेल्या, दातांसाठी जीएल-५ दर्जाचेच तेल लागते. सामान्य वापराला ८०डब्ल्यू-९० आणि उन्हाळ्यात ओझ्याने चालणाऱ्या गाडीला ८५डब्ल्यू-१४० योग्य. भरण्याच्या भोकातून तेल ओघळू लागले की पुरे.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, शांतपणे करावी. जळगावहून भुसावळ सुमारे २५ किलोमीटर आहे. तिथपर्यंत जाऊन गाडी पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे आणि मग परत यावे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हुंकार येत असेल तर फुगीर बाजूचा ठसा चुकला आहे, पाय काढल्यावर येत असेल तर खोलगट बाजूचा. पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ट्रॉली ओढू नये, घाटात इंजिन पिळू नये आणि वेग सारखा बदलत राहावा. त्यानंतर ते तेल काढून पांढऱ्या ताटात ओतावे व उजेडात पाहावे: त्यात राखाडी चंदेरी झाक असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला टोचणारा एकही कण सापडला तर नवे तेल भरण्यापूर्वी झाकण पुन्हा उघडावे.