डोणीत बेडकाची अंडी दिसली? या चुका टाळा

मृगाचा पहिला दणका बसला की रात्रभर डराव डराव, आणि सकाळी विहिरीजवळच्या दगडी डोणीत साबुदाण्याच्या लापशीसारखा लगदा. आमच्याकडे हे दरवर्षीचं. पहिल्या वर्षी मी त्या अंड्यांची इतकी काळजी घेतली की पिल्लू एकही उरलं नाही.

पाणी हिरवं झालं म्हणून डोणी उपसली, घासली, नळाचं पाणी भरलं. टॅडपोल, म्हणजे अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्लं, सुरुवातीला कल्ल्यांनी श्वास घेतात, नाजूक कातडीतूनही घेतात. क्लोरीन त्यांना सोसत नाही. वर जे शेवाळ खरवडून फेकलं तेच त्यांचं जेवण होतं. बदल्यात भाताची शितं टाकली, ती आंबली. पावसाचं पाणी आणि शेवाळ असेल तर डोणीला हात लावू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडायचा मोह होतो, पण ते बारकी टॅडपोलं गिळतात.

दुसऱ्या वर्षी संख्या भराभर घटली. कावळ्याला शिव्या घातल्या. पण चोर डोणीतच होता. पावसाळ्यात ज्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो, त्या मोठ्या बेडकाची टॅडपोलं मांसाहारी. दुसऱ्यांची खातात, भावंडांनाही सोडत नाहीत. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्यांना बरणीत भरून घरात नेऊ मात्र नका, या बेडकाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेवटी होते. मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर. पुढचे आले की फुप्फुसं कामाला लागलेली असतात, कल्ले जात असतात. उभ्या भिंतींच्या डोणीत टेकायला जागा नसेल तर बेडकाचं पिल्लू चक्क बुडून मरतं! मी एका सकाळी सात काढली.

"आत्या, शेपटी खंय पडली?" भाचीनं विचारलं. पडत नाही, अंगातच जिरते. त्या दिवसांत पिल्लू काही खात नाही, कारण तोंड नव्यानं घडतं आणि शेवाळावर पोसलेलं लांबलचक आतडं किड्यांसाठी आखूड होतं. उपाशी दिसतंय म्हणून काही टाकू नका.

आणखी एक. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेसाचा गोळा दिसला तर कीड समजून फांदी तोडू नका. ते उडत्या बेडकाचं घरटं असतं, पिल्लं त्यातून खाली पाण्यात टपकतात. आंबोलीचा झुडपी बेडूक तर टॅडपोलची पायरीच गाळतो, अंड्यातून थेट इवला बेडूकच. पुस्तकातल्या जीवनचक्राच्या गोल चित्रात तो कुठंच बसत नाही.

आता आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांतच मी डोणीत एक चिरा तिरपा टेकवून ठेवते, वरचं टोक काठाला लागेल असा. जुलैत त्यावर शेपटीचा खुंट असलेली पिल्लं बसलेली असतात.